टाकळ्याची ओटी

पंचवटी, नाशिक
९ ऑगस्ट १९९८

लताबाई विहीणबाईंना चतुराबाईचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या जावयाच्या, मल्हारीच्याच खिशात देते आहे. म्हणजे तुम्ही आपल्या लेकीकडे बघून तोंड उघडायच्या आत माझं म्हणणं तुमच्या हातात पडेल. मी सातवी शिकलेली असले तरी पत्र लिहिणाऱ्यातली नाही. सुईदोरा सोडून माझ्या हातात काही फार वेळ टिकत नाही.

आषाढ लागला आणि मोहिनीच्या अंगावर उठायला लागलं. आधी मानेवर, मग कानामागे, मग कपाळावर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला. लाल चट्टे, खाज, आणि खाजवलं की पाणी. पोरीला झोप नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी उष्णता सांगितली, रविवार कारंज्याच्या डॉक्टरांनी रक्त बिघडल्याचं सांगितलं. दोघांचीही मलमं लावून झाली. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळी घातल्या. घरात तिखट बंद केलं, आणि माझ्या घरात तिखट बंद म्हणजे काय ते तुम्ही लग्नात जेवून गेलात, तुम्हाला सांगायला नको. काही फरक नाही. म्हणून चार दिवस हवापालट म्हणून तिला पाठवते आहे.

आता तुमच्या मनात काय येईल ते मला दिसतंय. सासूने पोरीला राबवलं असेल. तर ऐका. लग्नाला सहा महिने झाले, तिला मी एकदाही फुलांच्या दुकानावर बसवलेलं नाही. देवळापुढच्या त्या उन्हात माझी मी बसते. ती घरी फुलं निवडते, वाटलं तर ओवते. आणि लग्नापासून एक दिवस माझी सून बिनवेणीची राहिलेली नाही. रोज सकाळी तिला पुढ्यात बसवून मी माझ्या हाताने वेणी माळते. शेवंती, अबोली, मधे झेंडू आणि भोवतीने चांदणी.

चांदणी म्हणजे तुम्ही विचाराल कोणती. तो माझाच शोध आहे. घरामागे एका बाहेरगावच्या माणसाचा मोकळा प्लॉट पडलाय, तिथे पावसाळ्यात ती कमरेएवढी दाटते. पानं शेवंतीच्या पानांच्या घराण्यातली, फूल मोहरीपेक्षा जरासं मोठं, पांढरंशुभ्र. पानं ओरबाडून काढली की हाराला असा भराव येतो की विचारू नका. आता सगळ्या बायका माझी नक्कल करतात. मोहिनीच्या केसात तर ती इतकी शोभते की देवळात येणाऱ्या बायका वळून बघतात.

पोरीला बरं वाटलं की कळवा. मल्हारी न्यायला येईल.

आपली,
चतुराबाई


अभोणा, ता. कळवण
२७ ऑगस्ट १९९८

चतुराबाई विहीणबाईंना लताबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मग मुलीकडे बघितलं आणि पुन्हा वाचलं.

मोहिनी बरी आहे. मी कसलंच औषध केलं नाही. खोबरेल तेल लावलं आणि झोपू दिलं. पंधरवड्यात चट्टे मावळले, खपल्या पडल्या, मान मूळच्या रंगावर आली. इथेही हवा तीच, पाणी विहिरीचं, तिखट तर तुमच्यापेक्षा दुप्पट. मग तुमच्या घरात असं काय आहे की जे माझ्या पोरीच्या अंगाला सोसत नाही?

मला गोड बोलता येत नाही, तुम्हाला ते लग्नाच्या याद्यांच्या वेळीच कळलं. म्हणून सरळ लिहिते. माझी जाऊ म्हणते, "सासरी सुख नसलं ना, का ते असं अंगावर निघतं. पोरगी बोलत नाय, कातडी बोलती." मोहिनीला विचारलं तर ती तुमच्याविरुद्ध एक शब्द काढत नाही. उलट तुमचं कौतुकच करते, वेणीचं तर फारच. पण मुली माहेरी खरं सांगत नाहीत हे मी स्वतः मुलगी होते म्हणून मला माहीत आहे.

जावईबापू चांगले आहेत. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे कशाने झालं याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी मुलगी पाठवणार नाही. चार दिवसांची हवापालट नाही ही आता.

लताबाई


पंचवटी
१९ सप्टेंबर १९९८

लताबाई,

नमस्कार तुम्ही घातलात म्हणून मीही घालते, नाहीतर मनात नव्हतं.

कातडी बोलते म्हणे. तुमच्या जाऊबाईंना सांगा, माझ्या तोंडासमोर येऊन बोला. मला मुलगी नाही. मोहिनी घरात आली तेव्हा मला वाटलं की आता माझ्या घरात कोणीतरी पुढ्यात बसून केस विंचरून घेईल. इतकी साधी हौस होती माझी. सकाळी तिच्या केसांतून फणी फिरवताना ती आपल्या कॉलेजातल्या गमती सांगायची आणि मला बाजाराला उशीर व्हायचा. त्या घराला तुम्ही दुःखाचं घर म्हणता.

गल्लीत आता सगळ्या विचारतात, "सून कधी येणार?" पहिल्यांदा गंमत म्हणून विचारत होत्या, आता तोंडाला पदर लावून विचारतात. गणपती तिच्याशिवाय गेले. गौरीपुढे मी एकटीने हात जोडले.

नवरात्राला मल्हारी वणीच्या गडावर जाणार आहे, तिथून तो तुमच्याकडे येईल. त्याच्याबरोबर मोहिनीला साडी आणि वेणी पाठवते आहे. वेणी ओल्या फडक्यात गुंडाळली आहे, माझ्या हातची आहे, तिच्या आवडीची. ती तिला माळू द्या. सुनेच्या केसात सासूचं फूल असावं, एवढा तरी हक्क तुम्ही माझा ठेवाल असं धरून चालते.

चतुराबाई


अभोणा
२७ सप्टेंबर १९९८

चतुराबाई,

तुमचा हक्क ठेवला. आता ऐका त्याचं काय झालं.

जावईबापू आले, मोहिनीने नवी साडी नेसली, तुमची वेणी माळली आणि मोठ्या हौसेने गावच्या देवीला जाऊन आली. सकाळी उठली तर कान सुजलेले, मानेवर तेच चट्टे, डोळे उघडेनात. महिनाभर नितळ झालेली पोर एका रात्रीत पुन्हा तशीच झाली.

मी वेणी उचलली आणि उकिरड्यावर फेकून दिली. जाऊ म्हणाली करणी आहे. मी करणी-बिरणी मानत नाही, पण त्या दिवशी मानायला तयार होते. जावईबापूंच्या देखत मी तुम्हाला काय काय बोलले ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. सांगितलं असेल तर त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. बिचारे न जेवता परत गेले.

काय घालून पाठवलंत तुम्ही त्या वेणीत? देवाला स्मरून सांगा. आणि हे कळेपर्यंत तुमच्या घरातलं एक फूलसुद्धा माझ्या दारात नको.

लताबाई


अभोणा
११ ऑक्टोबर १९९८

ती. आत्याबाई यांना,
मोहिनीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी आईला दाखवून लिहिते आहे. तिला ते आवडलेलं नाही, तरी तिनेच तिकिटाचं पाकीट आणून दिलं.

त्या दिवशी डोळे जरा उघडल्यावर मी उकिरड्यावर जाऊन तुमची वेणी उचलून आणली. आई ओरडत होती, काकी ओरडत होती. मी म्हटलं, हे माझं अंग आहे, मला बघू द्या. वेणी उसवली. शेवंती एका बाजूला, अबोली एका बाजूला, झेंडू आणि चांदणी वेगळे. चट्टे बसल्यावर एकेक फूल चुरगळून दंडावर ओळीने ठेवलं, वर फडकं बांधलं आणि दोन दिवस सोडलं नाही. अबोलीखाली काही नाही. झेंडूखाली काही नाही. शेवंतीखाली जराशी लाली. चांदणीखाली रुपयाएवढा फोड.

मग मी घरापासून लांबच्या आमच्या बांधावर गेले. आत्याबाई, तुमची चांदणी इथे बांधाबांधाला आहे. इथे तिला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत म्हणतात. गुरं तोंड लावत नाहीत, आणि चुकून खाल्लं तर दूध कडू येतं. तुमचा जन्म पंचवटीच्या गल्लीत गेला, तुम्हाला कोण सांगणार?

बारावीला आमच्या सरांनी हेच फूल भिंगाखाली दाखवलं होतं. ते एक फूल नसतंच. शेवंती, झेंडू, सूर्यफूल या सगळ्यांचं कूळ असं आहे की आपल्याला जे एक फूल दिसतं ते बारीक बारीक फुलांचं एकत्र कुटुंब असतं. चांदणीच्या कडेला पाच टोकं दिसतात ना, ती पाच वेगळी फुलं. बी धरतात ती तेवढीच. मधली सगळी नुसते पराग उडवतात. एका फुलात पाच बिया म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण एका झाडावर फुलं हजारोंनी, आणि बी मातीत वर्षानुवर्षं थांबून राहतं. जिथे जमीन उकरली, भराव टाकला आणि तशीच सोडून दिली, तिथे ते सगळ्यांच्या आधी येतं आणि दुसऱ्याला उगवू देत नाही.

कळवणच्या डॉक्टरांना दंड दाखवला. ते म्हणाले, हे सगळ्यांना होत नाही, पण ज्याला एकदा लागलं त्याला पुढे थोडंसंही पुरतं. नुसते पराग हवेतून आले तरी. आणि वेळीच जपलं नाही तर याची भावंडंही बाधायला लागतील, म्हणजे शेवंती वगैरे. म्हणून शेवंतीखालची लाली बघून मला भीती वाटली. फुलांच्याच घरात दिलंय मला.

आई अजून चिडलेली आहे. मी चिडलेली नाही. माझ्या केसांत तुमची बोटं फिरायची ते मला आठवतं. तुम्ही मुद्दाम काही केलं असं मी मेले तरी म्हणणार नाही. पण चांदणी घरातून जायला हवी. मला नांदायचं आहे, आत्याबाई. मला तुमच्याकडे यायचं आहे.

आपली,
मोहिनी


पंचवटी
१३ जानेवारी १९९९

लताबाई विहीणबाईंना चतुराबाईचा नमस्कार.

तीन महिने मी तुम्हाला ओळ लिहिली नाही. लिहायला बसले की हात गळून जायचा. ज्या हाताने रोज माळलं त्याच हाताने पोरीला जाळत होते, हे मोहिनीने कितीही गोड करून लिहिलं तरी मला समजलं. मी खूप रडले. आमचे हे म्हणाले, "रडून काय होणार, काहीतरी कर." म्हणून केलं, आणि ते चुकलं. तेच सांगायला हे पत्र.

दिवाळीत मोहिनी आली तेव्हा घरात चांदणीची काडी नव्हती. तरी आठवडा सरायच्या आत तिची मान लाल. तुम्ही मल्हारीला बोल लावलात, पण त्यात त्याची चूक नव्हती. ती परत तुमच्याकडे गेली आणि मी मागचं दार उघडून उभी राहिले. समोर तो प्लॉट, फुलांनी पांढराशुभ्र. माजघराची खिडकी बरोबर त्याच्यावर उघडते आणि मोहिनीचं अंथरूण त्याच खिडकीखाली असायचं. वेणी काढून उपयोग काय, सगळं रानच तिच्या उशाशी होतं.

मी दुसऱ्याच दिवशी बाया लावून सगळं कापून काढलं. कापलेलं तिथेच ढीग करून वाळत टाकलं. बायांच्या हातापायांना खाज सुटली, दोघी काम अर्धवट टाकून गेल्या. महिन्याभरात बघते तर बुडख्यांना नवे फुटवे, आणि ढिगाच्या भोवती हिरवा गालिचा. एकाच्या जागी दहा. बी मीच झटकून झटकून पेरलं होतं.

इकडे आमच्या धाकट्या जाऊबाईंनी सटाण्याकडची एक मुलगी सुचवली. "किती दिवस वाट बघायची, सोडचिठ्ठीचं बघून टाका," म्हणाल्या. मल्हारी ताटावरून उठला आणि म्हणाला, "आई, ती इथं येणार नसंल तर मी अभोण्याला जाऊन राहीन. घरजावई म्हणा नाहीतर काय म्हणा." इतका बोलणारा नाही तो. मी जाऊबाईंना सांगितलं, माझी सून आहे, ती आजारी नाही, माझा प्लॉट आजारी आहे. प्लॉट माझा नाही हे त्यांनी लगेच काढलंच.

उद्या संक्रांत. लग्नानंतरची पहिली. मी हलव्याचे दागिने घरी केले आहेत. वाटलं होतं माझ्या ओट्यावर तिला नटवीन. आता ते डब्यात घालून पाठवते, तुमच्या ओट्यावर नटवा. आणि तुम्ही शेतातल्या आहात. या रानाचं काय करू ते सांगा. तुम्हाला विचारते आहे, समजलं ना? सहज विचारत नाही मी कोणाला.

चतुराबाई


अभोणा
३० जानेवारी १९९९

चतुराबाई विहीणबाईंना लताबाईचा नमस्कार.

दागिने पोचले. मोहिनीला काळी साडी नेसवून नटवलं. हलवा इतका काटेदार, इतका पांढरा, की आळीतल्या बायका हात लावून बघत होत्या. मी सांगितलं, तिच्या सासूने केलाय. सांगताना मला थोडं जड गेलं, पण सांगितलं.

लोक विहिणीची ओटी तांदळाने भरतात. मी तुमची ओटी टाकळ्याच्या बियांनी भरते आहे. खणात बांधून जावईबापूंच्या हाती दिल्या आहेत. हसू नका. टाकळा म्हणजे पावसाळ्यात बांधावर उगवतो तो, गोल गोल पानांचा, पिवळ्या फुलांचा. त्याची कोवळी भाजी करतात. आमच्या नाल्याच्या बांधावर एका अंगाला टाकळा आहे आणि एका अंगाला तुमची चांदणी. मधे रेघ ओढल्यासारखी आहे. टाकळ्याच्या अंगाला ती शिरत नाही. टाकळा पहिल्या सरीला धावून येतो, दाटी करतो आणि हिला ऊनच मिळू देत नाही. मला यातलं शास्त्र माहीत नाही, मोहिनी काहीतरी सांगते. मी एवढंच सांगते की रिकामी जमीन ठेवलीत तर ती येणार. तुम्ही नुसतं काढत बसलात आणि मागे काही पेरलं नाहीत तर तुम्ही तिचीच चाकरी करता आहात.

तर असं करायचं. आता कापायचं नाही, उपटायचं. पाणी मारून जमीन मऊ करा म्हणजे मूळ निघतं. कोवळी असताना ती जमिनीला चिकटून गोल पसरते, तेव्हाच धरायची. एकही फूल दिसायच्या आत. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, अंगभर कपडा, नाकाला फडकं. उपटलेलं पेटवू नका, धूर बाधेल. खड्ड्यात पुरा. मेअखेर टाकळ्याचं बी वाळूबरोबर चोळून घ्या, त्याचं टरफल फार कठीण असतं. मग फेकून पेरा, अगदी दाट, चिमटीचिमटीने कंजूषपणा करू नका. दिवाळीपर्यंत त्याचं बी तिथेच गळेल आणि पुढच्या साली आपोआप येईल.

एका पावसाळ्यात होईल असं समजू नका. पण तुम्ही सोडाल असं मला वाटत नाही. याद्यांच्या वेळी मानाच्या साड्यांवरून तुम्ही मला अर्धा दिवस उन्हात उभं केलं होतं, तो हट्ट आता तिकडे वापरा.

लताबाई


पंचवटी
१२ सप्टेंबर १९९९

लताबाई विहीणबाईंना चतुराबाईचा नमस्कार.

अर्धा दिवस नाही, दुपारपर्यंत फक्त. आणि साड्या खरंच हलक्या होत्या.

तुमची ओटी पेरली. कशी ते ऐका. फाल्गुन-चैत्रात रोज दुकान आवरल्यावर मी आणि आमचे हे, हाताला पिशव्या बांधून त्या प्लॉटवर. यांनी आयुष्यात देवपूजेखेरीज वाकून काही केलेलं नाही, पण वाकले. मल्हारी सुट्टीच्या दिवशी. गल्ली कठड्याला टेकून तमाशा बघायची. शेजारची कुसाबाई, माझ्यासारखीच हारवाली, ती म्हणाली, "चतुरा, दुसऱ्याच्या जाग्यात लय राबती गं, देतो का तो तुला काही?" मी म्हटलं, "माझी सून देतो."

मग एक दिवस मी तिची बोटं बघितली. चिरा पडलेल्या, काळपट. ती म्हणायची सुई आणि पाण्याने होतंय. मी म्हटलं, पंधरा दिवस चांदणी ओवू नकोस. नाही म्हणत म्हणत तिने सोडली, आणि बोटं भरून आली. दुसऱ्या दिवशी कुसाबाई हाताला पिशव्या बांधून प्लॉटवर हजर. तिच्या मागे आणखी दोघी. आता आमच्या ओळीतल्या एकाही दुकानात चांदणी नाही. गिऱ्हाईक मागतं, आम्ही नाही म्हणतो. जिचा शोध तिनेच बंद केला, असं हसतात मला. हसू देत.

मृगात टाकळा आला. आधी विरळ, मग असा दाटला की पाय ठेवायला जागा नाही. मालकाचा माणूस येऊन ओरडून गेला, तण वाढवता म्हणून. त्याला टाकळ्याची भाजी खायला घातली. मीही पहिल्यांदाच केली, लसूण जास्त घालून. बरी लागते, थोडी उग्र. तो पुन्हा आला नाही.

पण खोटं लिहिणार नाही. गटाराच्या कडेची पट्टी अजून तिचीच आहे. तिथे भरावाची माती आहे, टाकळा धरत नाही. रोज सकाळी मी तिथे एक फेरी मारते आणि कळी दिसायच्या आत उपटते. एक सकाळ चुकवलेली नाही.

मोहिनीला सांगा, माजघराची खिडकी उघडली की आता पिवळी फुलं दिसतात. दिवाळीला मी स्वतः येते.

चतुराबाई


अभोणा
२१ नोव्हेंबर १९९९

चतुराबाई विहीणबाईंना लताबाईचा प्रेमाचा नमस्कार.

मोहिनी तुमच्याबरोबर गेली आणि घर रिकामं झालं. म्हणून लिहायला बसले. जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि मी आधी तुमच्या अंबाड्याकडे बघितलं. तुमच्या डोक्यात फूल नव्हतं. हारवाली बाई, सवाष्ण, दिवाळीचे दिवस, विहिणीच्या दारी पहिल्यांदा आलेली, आणि अंबाडा उघडा. मला वाटलं तुमच्या यजमानांचं, रंगनाथरावांचं काही बरंवाईट झालं आणि तुम्ही तेच सांगायला आलात. मी तुमच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू होतं. तरी विचारायचा धीर होईना.

तुम्ही हवापाणी आणि टाकळा, एवढंच बोलत बसलात. शेवटी मी जावईबापूंना मागल्या दारी गाठून विचारलं. ते म्हणाले, "आईनं वर्षभर फूल माळलं नाही. दुकानातून आली का मागच्या मोरीत अंघोळ करते, नेसूचं बाहेरच धुऊन टाकते, मग घरात येते. फुलांच्या टोपल्या सगळ्या कुसामावशीच्या पडवीत. घरात देवाला तुळस फक्त. ती म्हणते, मोहिनी येईल त्या दिवशी सवय झालेली पाहिजे."

एकाही पत्रात तुम्ही हे लिहिलं नाहीत. भाजीत लसूण किती घातला ते लिहिलंत.

म्हणून मी मुलीला थांबवलं नाही. जाऊ म्हणत होती, अजून एक पावसाळा बघू. मी म्हटलं, तो पावसाळा तिला तिच्या घरी बघू दे. आता तुम्ही आणि ती बघून घ्या. माझी काळजी गेलेली नाही. श्रावण आला की मी रोज एसटीच्या वेळेला वाटेकडे बघणार, कोणी तिला परत घेऊन येतंय का म्हणून. ते माझ्या हातात नाही.

याद्यांच्या वेळच्या साड्या हलक्या होत्या, कबूल.

तुमची,
लताबाई


पंचवटी
२ ऑगस्ट २०००

प्रिय आईस,
मोहिनीचा शि. सा. नमस्कार.

यंदा नागपंचमीला मला न्यायला कोणाला पाठवू नकोस. घाबरू नको, पुढे वाच. अंगावर काही नाही. मान नितळ आहे, कोपर नितळ आहेत. आषाढ पूर्ण गेला आणि मी खिडकीखालीच झोपते. येत नाही कारण इथे काम आहे.

गटाराच्या कडेच्या पट्टीत पावसाने पुन्हा रोपं फुटली आहेत. आत्याबाई मला तिकडे फिरकू देत नाहीत. मी दारात उभी राहून दाखवते आणि त्या उपटतात. "ते बघा, विटेच्या मागे." "कुठंय?" "डावीकडे, अजून डावीकडे." कुसामावशी म्हणतात, सासू-सुना मिळून चोर पकडताय का. दुसऱ्या बाजूचा टाकळा माझ्या कमरेला लागतोय. त्याच्या सावलीत एकही रोप नाही. गल्लीच्या टोकाला आणखी एक मोकळी जागा आहे. तिथली पण आम्ही धरणार आहोत, बी आता आमचंच पुष्कळ होईल.

आता मुख्य सांगते. मागच्या आठवड्यात कुसामावशींकडून मी जुई मागून घेतली. जुई शेवंतीच्या कुळातली नाही, तिचं त्यांचं काही नातं नाही. तरी मी दंडावर चुरगळून बांधली आणि दोन दिवस ठेवली. आत्याबाईंना कळलं तेव्हा केवढ्या रागावल्या. दर तासाला फडकं वर करून बघत होत्या. सोडलं तेव्हा दंड कोरा. त्यांनी दंड उजेडात धरला, उलटसुलट केला, तरी त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दंडावर पुन्हा बांधायला लावली. तिथेही काही नाही.

आज सकाळी मी जुईची वेणी केली. मला त्यांच्यासारखी जमत नाही, एका बाजूला जाड झाली. फणी घेतली आणि म्हटलं, आत्याबाई, बसा माझ्या पुढ्यात. त्या म्हणाल्या, "आधी तुझ्या केसात." मी म्हटलं, नाही, दीड वर्षाच्या वर झालं, आधी तुमच्या. बसेनात. मामंजी म्हणाले, "बस की, पोर उभी आहे कधीची." तेव्हा बसल्या.

त्यांचे केस पातळ झाले आहेत गं आई. मी हळूहळू विंचरले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि पदराने डोळे पुसत होत्या, पण बोलण्यात काही दाखवलं नाही. मी वेणी अंबाड्याला टेकवली तेव्हा मान खाली घातली आणि म्हणाल्या, "घट्ट बांध. दुकानाला जायचंय."

तुझी,
मोहिनी